गंगुबाईचं स्टूल

रत्नागिरी,
१२ एप्रिल

प्रिय सुनंदामावशी,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला फारसं ओळखत नाही. गेल्या वर्षी तुमच्या निरोपाच्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स फिरवत होती ती मी, मनाली भाटकर. तेव्हा मी लॅबमध्ये होते. यंदा समर्थशेठनी मला लॅबबरोबर आंबे सोलायचा हॉलही दिला आहे, म्हणजे तुम्ही मुकादम म्हणून इतकी वर्षं सांभाळलात तोच. माझ्याकडे फूड टेक्नॉलॉजीची पदवी आहे आणि माझा एक आंबा सोलून होईपर्यंत हौसाचे चार होतात. हे बायकांना पहिल्याच दिवशी कळलं, त्यामुळे आमचं बरं चाललंय.

तुम्हाला फोन केला तर महेंद्रदादा म्हणाले, आईला फोनवर नीट ऐकू येत नाही, डबे बंद करायच्या मशीनशेजारी जन्म गेला तिचा. तुम्ही पत्रच लिहा. शाळा सुटल्यापासून मी पत्र लिहिलेलं नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

फोडी रसाच्या मशीनकडे नेणारा स्टीलचा पट्टा तुमच्या शेवटच्या वर्षी आलाच होता. यंदा प्रत्येक स्टुलाशेजारी वजनकाटाही बसला. कोणी किती सोललं ते वर ऑफिसात शेठना दिसतं. आणि शेठनी मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली आहे. या सीझनला रसाच्या बॅचेस नापास झाल्या, तर पुढच्या वर्षी सोलायचं मशीन येणार. मशीन आलं की हॉल बंद आणि सगळ्या बायका घरी. म्हणून तुम्हाला त्रास देतेय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, साका. आंबा बाहेरून चांगला आणि आतून आंबट निघतो, त्याच्या दोन फोडी रसात गेल्या तरी चव बिघडते. तुम्ही म्हणे तो वासावरून ओळखायचात. कसा? दुसरी, पट्ट्याच्या शेवटी, रसाच्या मशीनला लागून एक स्टूल आहे. त्याला काटा नाही आणि मी लॅबमधून खाली उतरले की ते नेहमी रिकामं असतं. शेठ म्हणतात तिथे आणखी एक बाई बसवा. बायकांना विचारलं तर सगळ्या आंब्यात डोकं घालतात. बसवू का?

आणि मला मॅडम म्हणू नका.

तुमची,
मनाली


पोफळी,
१७ एप्रिल

मनालीमॅडम,
सप्रेम जय भीम.

मॅडम लिहून झाल्यावर तुमची शेवटची ओळ वाचली. आता खोडत नाही. पुढे तू म्हणते, पटलं नाही तर कळव.

तुझं पत्र आलं तेव्हा मी गॅलरीत बसून माकडं हाकत होते. इथे पॉवरहाऊसच्या कॉलनीत हेच एक काम आहे मला. महेंद्र पाळीला डोंगराच्या पोटात जातो, सून शाळेत शिकवायला जाते आणि मी माकडांची मुकादम. तेव्हा त्रास वगैरे मनात आणू नकोस. विचारत राहा.

साक्याला वास नसतो. मी वासावरून ओळखते असं लोक सांगत फिरायचे आणि मी कधी नाही म्हटलं नाही, कारण फुकटचा मान कोणाला नको असतो? साका कापल्यावरच दिसतो, पांढरट, रबरासारखा. म्हणजे कापणाऱ्या बाईलाच दिसायला हवा. पण ती घाईत असली की तिला आंबा दिसतच नाही, नुसती साल दिसते.

बाकी सांगते. हौसा डावरी आहे, तिला भिंतीकडचा कोपरा दे, नाहीतर तिचं कोपर शेजारणीच्या बरगडीत. शमिका आणि राजश्रीला शेजारी बसवू नको. भांडतात म्हणून नाही, हसतात म्हणून. मे महिन्यात आरे-वारेच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांत आपले टेम्पो अडकतात आणि आंबा क्रेटमध्येच तापतो. तो आल्या आल्या सोलायला घेऊ नको, सावलीत निवू दे. तापलेला आंबा सुरीला चिकटतो आणि सालीबरोबर गर जातो.

राहता राहिलं ते स्टूल. ती गंगुबाईची जागा. आमच्यातली सगळ्यात जुनी बाई, वारली. तिथे कोणाला बसवायचं नाही असं पहिल्यापासून चालत आलंय. काटा नको, बाई नको. आप्पाशेठ स्वतः कारखाना बघत होते तोवर त्यांनीही त्या जागेला हात लावला नाही. समर्थशेठना एवढंच सांग. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

कळावे,
सुनंदा तांबे


रत्नागिरी,
२ मे

प्रिय सुनंदामावशी,
सप्रेम नमस्कार.

मला तू म्हणालात, बरं वाटलं. हौसाला कोपरा दिला, राजश्री आणि शमिकाला लांब बसवलं. आता त्या लांबून हसतात.

पण आधी गंगुबाईंचं सांगते. तुमचं पत्र वाचून मला फार हेलावल्यासारखं झालं. एका बाईची जागा इतकी वर्षं कोणी बसू न देता राखायची, असं कुठल्या कारखान्यात होतं? शेठनाही सांगितलं. म्हणाले, मग राहू दे. मग मला वाटलं, नुसतं रिकामं स्टूल का ठेवायचं? मंडणगडला गंगुबाईंची नात मनस्वी असते, तिच्याकडून फोटो मागवला, मोठा करून घेतला आणि अक्षय्य तृतीयेला स्टुलावर पांढरा रुमाल अंथरून त्यावर ठेवला. अबोलीचा वळेसर घातला. रोज सकाळी उदबत्ती मी स्वतः लावते.

बायकांना मी आधी सांगितलं नव्हतं. फोटो ठेवला तेव्हा सगळ्यांच्या सुऱ्या थांबल्या. हौसा नुसती बघत राहिली. राजश्री तर पदरात तोंड लपवून बाहेर गेली, बराच वेळ आत आली नाही. मलाही भरून आलं. वाटलं, चला, या बायकांसाठी आपण एक तरी गोष्ट नीट केली.

कामाचं मात्र बरं नाही. गेल्या आठवड्यात दोन बॅचेस आंबट निघाल्या. दोन्हीत साका. अशा अजून दोन-तीन गेल्या तर शेठना मशीनसाठी वेगळं कारण लागणार नाही. मी बायकांना रोज बजावते, फोडी बघून टाका. त्या हो म्हणतात. आणि हात दुखतात म्हणून दोघी-तिघींनी सुट्टी मागितली. ऐन सीझनमध्ये कशी देऊ? तुमच्या वेळी असं व्हायचं का?

तुमची,
मनाली


पोफळी,
६ मे

मॅडम,

फोटो काढून ठेवा. रुमालही. फोटोला हार घालणं गंगुबाईला आवडलं नसतं आणि मलाही आवडत नाही. स्टूल होतं तसं रिकामं राहू द्या. उदबत्तीच्या धुराचा वास रसाला लागतो तो वेगळाच.

आज एवढंच.

सुनंदा तांबे


रत्नागिरी,
१२ मे

सुनंदामावशी,
नमस्कार.

तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी इथे काय झालं ते सांगते, म्हणजे मी कशी तोंडघशी पडले ते कळेल.

समर्थशेठ वडिलांना, आप्पांना, मुद्दाम फोटो दाखवायला घेऊन आले. आप्पा काठी टेकत स्टुलापर्यंत आले, चष्मा पुसला, फोटोकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गंगुबाई ना ही? ही सोलायला कधी बसली? ही तर डबे धुवायला होती, मागच्या नळावर." म्हातारं माणूस, विसरले असतील म्हणून मी बायकांकडे पाहिलं. एकीनंही मान वर केली नाही. शेठनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मग ही जागा रिकामी कोणी ठेवली आणि कशाला?" मी म्हटलं, चौकशी करून सांगते. त्यांनी मला या आठवड्याची मुदत दिली आहे. त्यातच तिसरी बॅचही आंबट निघाली.

मी तुम्हाला मनापासून विचारलं होतं. तुम्ही आंब्याचं सगळं शिकवलंत आणि माणसांचं लपवलंत. परवा हौसा नळावर हात धरून उभी होती. दोन्ही अंगठ्यांची सालपटं निघालीत, बोटांच्या बेचक्यांतून लाल दिसतंय. मी म्हटलं, थोडा वेळ बस ना कुठेतरी. ती म्हणाली, "कुटं बसू मॅडम?" आणि त्या स्टुलाकडे बघून परत कामाला गेली. तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही.

ती जागा कशाची आहे मावशी? खरं सांगणार असाल तरच लिहा.

मनाली


पोफळी,
१५ मे

चि. मनाली,
सप्रेम जय भीम.

मुदत आहे म्हणून हे पत्र राजश्रीच्या भाच्याच्या हाती पाठवतेय, तो इथे वायरमन आहे.

बरोबर लिहिलंस. गंगुबाई त्या जागेवर कधी बसली नाही. ती जागा दमलेल्या बाईची आहे.

आंब्याचा रस हात खातो. पहिल्या आठवड्यात काही वाटत नाही, मग बेचक्यांत चरचरतं, मग कातडी जाते. हातमोजा घातला तर सुरी निसटते. फार वर्षांपूर्वी हौसाची आई सगुणा माझ्या शेजारी सोलायला होती. तिची बोटं पिकली. खाडा केला तर जागा जाईल म्हणून तिनं कोणाला दाखवली नाहीत. आम्हाला कळलं तेव्हा तिला मूठ मिटता येत नव्हती. ती गेली ती परत कामावर आली नाही, पुढे तिला भाकरी थापायलाही कोणी लागायचं. मी तेव्हा नुकतीच मुकादम झाले होते. मी टेबलाच्या टोकाची एक जागा मोकळी सोडली. ज्या बाईचे हात चरचरायला लागतील तिनं खोबरेल लावून तिथे टेकायचं, पाळीपाळीनं. मालक दारात दिसले तर तिच्या मांडीवर एक आंबा आणि सुरी तयार असायची, सोलतेय असं दाखवायला. लॅबमधलं कोणी जिना उतरताना दिसलं की उठून आपल्या जागेवर. म्हणून तुला ते नेहमी रिकामं दिसलं.

एकदा आप्पाशेठनी विचारलं, ही जागा मोकळी का? त्याच महिन्यात गंगुबाई गेली होती, माझ्या तोंडात तिचं नाव आलं. मेलेल्या माणसाचं नाव घेतलं की मालक पुढे विचारत नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पट्टा बसला तेव्हाही त्याच नावावर मी ते स्टूल टोकाला ठेवून घेतलं.

आता तू तिथे गंगुबाईलाच बसवलीस. हार घातलेल्या फोटोला उठवून कोण बसणार? राजश्री त्या दिवशी रडायला बाहेर गेली नाही, हसायला गेली. पण हात धुताना रडली असेल.

तुला का नाही सांगितलं? तू ऑफिसची, मी तुला ओळखत नव्हते. आणि हे काही शिकवण्याजोगं काम आहे असं माझ्या मनातही आलं नाही. चोरी होती ती. चांगली असली तरी चोरी कोणी वारशात देतं का? महेंद्रला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आमच्याकडं पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याच्या शेजारी थोडा वेळ बसतो. मशीनचं कागदावर असतं, उरलेलं तेव्हा सांगतो. तू न बसताच उठलीस आई." पोटचा पोर आहे म्हणून ऐकून घेतलं.

एक मला अजून कळत नाही. बायका त्याच, आंबा तोच, मग साका आताच एवढा का जातोय?

शेठना काय सांगायचं ते तू ठरव. सांगितलंस तर एवढी वर्षं फसवलं म्हणून ते उद्याच मशीन आणतील, नाही सांगितलंस तर हौसाची सगुणा होईल. सांगशील तेव्हा माझं नाव सांग. बायकांचं नको.

सुनंदा


रत्नागिरी,
१ जून

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळाल्याबरोबर फोटो उचलला. फेकला नाही. मागच्या नळावर, डबे धुवायच्या जागी भिंतीला लावलाय, हाराशिवाय. तिथे गंगुबाई जास्त शोभतात.

मग मीच त्या स्टुलावर बसले. शेठशी काय बोलायचं ते ठरेना, म्हटलं आधी बसून बघू. हातात काही घेतलं नाही. मावशी, तिथे बसल्यावर काय दिसतं माहीत आहे? सगळ्या बायकांच्या फोडी पट्ट्यावरून शेवटी त्या स्टुलासमोरून जातात आणि मग मशीनमध्ये पडतात. मी नुसती बघत होते, तर एक पांढरट फोड गेली. मग दुसरी. मी उडी मारून उचलली. राजश्री म्हणाली, "अशी काय बावरतेस गो, नुसतं सांगायचं. आमी उचलतो." मी विचारलं, तुम्ही इथे बसून साका बघायचात? तर म्हणाली, "बगायला कशाला बसतोय? हात थांबले म्हणून डोळे थांबतात काय? दिसला तर सांगतो."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. तुम्ही विश्रांतीसाठी जागा केलीत आणि तिथे बसलेली प्रत्येक बाई साका पकडत राहिली. मी फोटो ठेवला, त्या दिवसापासून तिथे डोळे नव्हते. तुम्हाला माहीत नव्हतं, बायकांना ते काम वाटत नव्हतं आणि मी वर लॅबमध्ये आंबट रस मोजत होते.

शेठना मी खरं सांगितलं, विश्रांतीसकट. साका पकडायची जागा आहे एवढं सांगून सुटता आलं असतं. पण मग कोणीतरी पुढे तिथे एकच बाई कायमची बसवली असती आणि बाकीच्यांचे हात तसेच राहिले असते. तुमचं नाव सांगितलं. शेठ फार चिडले. "म्हणजे आप्पांना आणि मला एवढी वर्षं येडं बनवलं?" मी म्हटलं, हो, पण तुम्ही एकदा इथे बसा. भीती वाटत होती, तरी म्हटलं. ते बसले. थोड्या वेळानं स्वतःच ओरडले, "अहो तो बघा, पांढरा!" बायका हसल्या. शेठना त्याचाही राग आला, पण उठले नाहीत.

त्यानंतर पंधरा दिवस स्टूल चालू ठेवलं. एकही बॅच नापास झाली नाही. काल शेठनी सांगितलं, पुढच्या सीझनला हॉल असाच राहील, मशीन नाही. त्याच्या पुढचं बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. ती जागा आता पाळीची. जी बाई तिथे असेल तिचा तेवढा वेळ काट्यात धरायचा नाही. हौसाच्या हातांच्या जखमा भरून येताहेत.

हौसा म्हणते, तुम्ही स्वतः त्या जागेवर एकदाही बसला नाहीत. खरं आहे का? आठ तारखेला शेवटचा आंबा आहे. याल?

तुमची,
मनाली


पोफळी,
१० जून

चि. मनाली,
सप्रेम जय भीम.

सुखरूप पोचले. तू दिलेल्या डब्यांमुळे एसटीचा कंडक्टर मला व्यापारी समजून लगेजचं तिकीट लावायला निघाला होता, त्याला एक डबा दाखवून गप्प केलं.

परवा तुझ्याशी बोलले नाही. ऐकू येत नाही हे सोयीचं असतं कधीकधी. म्हणून आता लिहिते.

हौसानं सांगितलं ते खरं आहे. मुकादम बसलेली दिसली की मालकाची नजर जागेवर जाते, म्हणून मी कधी बसले नाही. इतकी वर्षं मी बायकांच्या मागे उभी होते. मला त्यांच्या पाठी माहीत होत्या. कोण वाकली, कोण दमली ते पाठीवरून कळायचं. परवा त्या स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा सगळ्यांचे हात एकदम दिसले. मला रडू आलं ते तू पाहिलंस, उगाच नाकारत नाही. सगुणाचे हात वेळेवर दिसले असते, असं वाटलं.

मग आणखी काय झालं ते तुला दिसलं नसेल, तू वर गेली होतीस. समर्थशेठ दारात आले. मला कळायच्या आत माझ्या हातानं क्रेटमधला आंबा उचलला आणि दुसरा हात सुरी शोधायला लागला. शमिकानं माझं मनगट धरलं. माझ्या कानाशी तोंड आणून मोठ्यांदी म्हणाली, म्हणजे शेठनाही ऐकू गेलंच असणार, "ठेव गो मावशी तो. आता नाय लागत."

मी आंबा खाली ठेवला. शेठ पट्ट्याच्या कडेनं चालत माझ्यासमोरून गेले, माझ्याकडे बघत. मी दोन्ही हात मांडीवर तसेच रिकामे ठेवले आणि बसून राहिले.

तुझी,
सुनंदामावशी